टेकलेला हात आणि दाबलेलं बटण

लिफ्टचं जुनं बटण दाबायला थोडा जोर लागायचा. आत एक स्प्रिंग, तिच्यामागे धातूच्या दोन पट्ट्या. बोटाने स्प्रिंग दबली की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि मजल्याची नोंद व्हायची. हा जोर किती असावा यालाही नियम आहे. दिव्यांग प्रवाशांना लिफ्ट वापरता यावी म्हणून तयार केलेलं ‘ईएन ८१-७०’ हे युरोपीय मानक बटणासाठी २.५ ते ५ न्यूटन इतकं बल सांगतं, म्हणजे पाव ते अर्ध्या किलोचं वजन जेवढा भार देईल तेवढं. वरची मर्यादा कशासाठी ते लगेच कळतं. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसालाही बटण दाबता आलं पाहिजे. पण खालची मर्यादा कशाला? पाव किलोपेक्षा हलक्या हाताने बटण चाललं तर बिघडलं कुठे?

त्या खालच्या मर्यादेचं काम मोठं आहे. पिशवीचा पट्टा, ओढणीचं टोक, गर्दीत घासून जाणारं कोपर, आईच्या कडेवरून लोंबणारा मुलाचा पाय यांच्याकडून पाव किलोचा नेमका जोर, नेमक्या एका बटणावर, सहसा पडत नाही. तो जोर पडला म्हणजे कुणाला तरी तिथे जायचं आहे, असं यंत्राने धरून चालायला हरकत नसते. स्प्रिंग माणसाच्या इच्छेचा पुरावा मागत होती आणि तो मागते आहे हे कुणाला जाणवतही नव्हतं.

आता नव्या टॉवरमध्ये, मॉलमध्ये, रुग्णालयात काळ्या काचेचं सपाट पॅनेल दिसतं. लिफ्टचे मेकॅनिक त्याला ‘सीओपी’ म्हणतात. काचेखाली आकडे उजळलेले असतात, बोट टेकवलं की मजला नोंदला जातो. याचे फायदे खरे आहेत. हलणारा भाग नाही म्हणून झिजणारा भाग नाही, फटी नाहीत म्हणून धूळ आणि पाणी आत शिरत नाही, आणि पुसायला सोपं. पण लागणारा जोर शून्यावर आला आणि त्याबरोबर स्प्रिंग घेत असलेला पुरावाही गेला. गेली कित्येक वर्षं इंजिनियर तोच पुरावा निरनिराळ्या वाटांनी परत मिळवू पाहताहेत. हे प्रकरण त्या खटपटीबद्दल आहे.

चुकून लागलेल्या एका मजल्याने काय होतं? लिफ्ट वेग कमी करते, थांबते, दार उघडतं, काही क्षण उघडं राहतं, मिटतं, लिफ्ट पुन्हा वेग घेते. यात दहा-बारा सेकंद सहज जातात. गर्दीच्या वेळी कुणाची पाठ पॅनेलला टेकली आणि आठ मजले पेटले तर वर-खाली वाट पाहणाऱ्या सगळ्यांची दीड मिनिटं गेली. रुग्णालयात स्ट्रेचर घेऊन निघालेल्या माणसाला ही दीड मिनिटं फार मोठी असतात.

आणि कधी कधी एका चुकीच्या थांब्याची किंमत याहून कितीतरी जास्त असते.

स्पर्शाची बटणं आपल्याला नवी वाटतात, पण अमेरिकेतल्या उंच इमारतींमध्ये ती १९५० आणि ६० च्या दशकांतच आली होती. ओटिस कंपनीच्या त्या बटणामागे वायू भरलेली एक छोटी काचेची नळी असे. माणसाचं शरीर विजेच्या दृष्टीने जमिनीशी जोडलेलं असल्यामुळे बोट टेकताच नळीतला वायू पेटे आणि लिफ्ट येईपर्यंत तिचा नारिंगी उजेड तसाच राही. नोंद आणि दिवा दोन्ही कामं एकाच नळीत होत, आणि हलणारं काहीच नव्हतं. कल्पना सुरेख होती. मात्र जोर न मागणाऱ्या बटणाला बोटाशिवाय दुसरंही काही चालू करू शकतं, ही गोष्ट त्या काळात फार महागात पडली.

५ ऑगस्ट १९७० रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटन भागातल्या ‘वन न्यूयॉर्क प्लाझा’ या ५० मजली इमारतीत आग लागली. तेहतिसाव्या मजल्याच्या आसपास तिने जोर धरला. त्या वेळी लिफ्टमध्ये असलेली दोन माणसं मरण पावली. ती ज्या लिफ्टमध्ये होती ती थेट जळत्या मजल्यावर जाऊन थांबली होती. त्या मजल्यावरचं बोलावण्याचं बटण उष्णतेला प्रतिसाद देणारं होतं. ते कुणी दाबलं नव्हतं, आगीच्या धगीनेच लिफ्टला वर बोलावलं होतं. त्यानंतर न्यूयॉर्क शहराने १९७३ मध्ये उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेचा ‘लोकल लॉ ५’ केला. आगीची सूचना मिळताच लिफ्टने सगळी बटणं बाजूला ठेवून खालच्या ठरलेल्या मजल्यावर उतरावं, ही व्यवस्था अमेरिकेत याच सुमारास रुजली. आज आपल्याकडच्या टॉवरच्या तळमजल्यावर काचेच्या झाकणाआड फायरमनचा स्विच दिसतो, तोही याच विचारातला आहे.

हल्लीची पॅनेलं त्या नळ्यांपेक्षा पुष्कळ सुधारलेली आहेत. ती ज्या तत्त्वावर चालतात त्याला धारिता म्हणतात. काचेमागे नाण्याएवढा तांब्याचा पातळ पत्रा असतो. विजेचा थोडा साठा धरून ठेवण्याची त्याची क्षमता म्हणजे धारिता, आणि पॅनेलमधली चिप ती सेकंदाला कित्येक वेळा मोजत असते. बोट जवळ आलं की क्षमता किंचित वाढते, कारण आपलं शरीर बहुतांशी खारं पाणी आहे आणि ते जमिनीशी जोडलेलं आहे. ही वाढ इतकी लहान असते की ती मोजता येते याचंच नवल वाटावं. फॅरड या एककाचा एक लाख कोटींवा भाग म्हणजे एक पिकोफॅरड. जाड काचेआडून बोटामुळे पडणारा फरक बहुधा एका पिकोफॅरडहूनही कमी असतो. पत्र्याची आणि त्याला जोडलेल्या तारांची स्वतःची धारिता मात्र त्याच्या कित्येक पट असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हे पॅनेल खरं तर स्पर्श मोजतच नाही, जवळ आलेली वस्तू मोजतं. रशियात लेव्ह थेरेमिन यांनी १९२० मध्ये याच तत्त्वावर एक वाद्य बनवलं होतं. ते वाजवताना त्याला हात लावावाच लागत नाही, हवेत हात पुढेमागे केला की सूर चढतो-उतरतो. लिफ्टच्या पॅनेलला दिसतो तो फक्त एक वरखाली होणारा आकडा. ‘बोट टेकलं’ हा त्या आकड्यावरून प्रोग्रामने काढलेला निष्कर्ष असतो. निष्कर्ष चुकतो, तसा सुधारताही येतो.

पहिली सुधारणा शून्याची. तापमान, दमट हवा, काचेवरचा मळ यांनी आकडा बोट नसतानाही हलत राहतो. वाणी वजन करण्याआधी रिकामी पारडी बघून तराजूचा पासंग काढतो, तसा प्रोग्राम रिकाम्या पॅनेलचा आकडा सतत तपासून आपलं शून्य नव्याने ठरवतो, आणि त्या शून्यापेक्षा ठरावीक अंतर वर गेलेल्या आकड्यालाच बोट मानतो. यात एक खाच आहे. समजा एक माणूस पॅनेलला खांदा टेकून बराच वेळ उभा राहिला. काही वेळाने प्रोग्रामला वाटतं, हवाच बदलली असावी, आणि तो खांद्यासकट आकड्याला शून्य धरतो. माणूस हलला की आकडा या नव्या शून्याच्या खूप खाली जातो, आणि पुढच्या प्रवाशाने बोट टेकवलं तरी पॅनेल ऐकत नाही. चांगल्या प्रोग्राममध्ये म्हणून शून्य वर सरकवण्याची घाई नसते, पण खाली आणण्याची असते. ‘कधी लागतं, कधी लागत नाही’ अशी तक्रार असलेल्या पॅनेलच्या मुळाशी पुष्कळदा हाच हिशेब चुकलेला असतो.

दुसरी सुधारणा शेजाऱ्यांची. बोट लहान असतं, तळवा आणि पाठ मोठी. पाठ टेकली की पाच, सहा, आठ, नऊ अशा पॅनेलवर लागून असलेल्या कळा एकदम आकडा वाढवतात. एकमेकांना लागून असलेल्या कळांपैकी जिचा आकडा सर्वात मोठा, तीच खरी मानायची आणि बाकीच्या गप्प करायच्या, ही युक्ती ब्रिटनच्या क्वांटम रिसर्च ग्रुपने आपल्या चिप्समध्ये आणली. ॲटमेलने २००८ मध्ये ती कंपनी विकत घेतली. मात्र ही युक्ती सरसकट लावून चालत नाही. दोन प्रवासी एकाच क्षणी पाचवा आणि अठरावा मजला लावू शकतात आणि दोघांनाही तो हक्क आहे. म्हणून दूरच्या कळा एकत्र लागल्या तर दोन्ही मान्य, शेजारच्या लागल्या तर एक, आणि एकदम पाच-सहा लागल्या तर एकही नाही, अशी वर्गवारी करावी लागते.

याच्याच जोडीला राखणपट्टी असते. सगळ्या कळांच्या भोवती, काचेच्या कडेने, तांब्याची एक पट्टी फिरवतात. तिला मजला नसतो. तिचं काम फक्त सांगायचं की एवढ्या कडेपर्यंत काहीतरी पसरलं आहे. बोटाचं टोक तिला क्वचितच लागतं. खांदा, सॅक किंवा ओलं फडकं मात्र कळांबरोबर तिलाही लागतं. तसं झालं की तेवढ्या वेळात आलेल्या सगळ्या नोंदी प्रोग्राम फेटाळतो. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात किफायतशीर आहे, कारण त्यासाठी प्रवाशाला काहीच वेगळं करावं लागत नाही. खर्च होतो तो थोड्या तांब्याचा आणि बोर्डावरच्या थोड्या जागेचा, आणि तेवढी काटकसर केलेली पॅनेलं बाजारात आहेत हे वाईट आहे.

आता पाणी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात या पॅनेलची खरी परीक्षा होते. छत्रीचं पाणी, रेनकोटच्या बाह्या, ओली बोटं. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) हवेच्या सुमारे ८० पट असतो, काचेचा सहा-सात पट. म्हणजे काचेवरचा पाण्याचा ओघळ पत्र्याला काचेपेक्षा कितीतरी ठळक दिसतो. यावर एक देखणा तोडगा आहे. प्रत्येक कळेत एकाऐवजी दोन पत्रे ठेवायचे आणि एकातून दुसऱ्यात किती प्रभाव पोचतो ते मोजायचं. बोट मधे आलं की ते त्यातला काही भाग शरीरातून जमिनीकडे ओढून नेतं आणि आकडा घटतो. सुटा थेंब जमिनीशी जोडलेला नसतो, म्हणून तो उलट दोन पत्र्यांमधला दुवा वाढवतो आणि आकडा चढतो. बोट आणि थेंब विरुद्ध दिशांना बोलतात, त्यामुळे त्यांना वेगळं ओळखता येतं.

पण थेंबाला हात लागला की हा फरक पुसला जातो. सकाळी सफाई करणाऱ्या मावशी ओल्या फडक्याने पॅनेल पुसतात तेव्हा पाण्याची सलग फिल्म त्यांच्या हाताला, म्हणजे पर्यायाने जमिनीला जोडलेली असते. पॅनेलला ते एक मोठं बोट दिसतं आणि सगळे मजले पेटतात. दोष मावशींचा नाही, पॅनेल ठरवणाऱ्यांचा आहे. पुसण्याच्या वेळेपुरतं पॅनेल बंद करणारी किल्ली किंवा स्विच ठेवता येतो, आणि तो कुठे आहे हे त्यांना सांगून ठेवणं हे सोसायटीचं काम आहे.

लिफ्टला आणखी एक खास अडचण आहे. मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीतून विजेचा बराच गोंगाट निघतो आणि तो तारांवाटे पॅनेलपर्यंत पोचतो. त्यावर उपाय म्हणून चिप मोजण्याची वारंवारता बदलत राहते, लागोपाठ अनेक मोजण्या जुळल्या तरच बोट मानते, आणि तारांभोवती त्यांच्याच व्होल्टेजवर ठेवलेलं आवरण असतं. मेकॅनिकने अर्थिंग नीट केलेलं नसेल तर मात्र यातलं काहीही पुरं पडत नाही.

मग राहतो वेळ. स्पर्श कधी खरा मानायचा? टेकताक्षणी, की ठरावीक काळ टिकल्यावर, की बोट उचलल्यावर? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी १९८८ मध्ये पडद्यावरच्या स्पर्शाच्या अशा पद्धतींची तुलना केली. बोट उचलताना निवड धरली तर चुका सर्वात कमी झाल्या, कारण बोट टेकल्यावरही माणसाला ते सरकवून दुरुस्ती करता येत होती. लिफ्टमध्ये बहुतेक पॅनेलं टेकताक्षणी नोंद करतात. का, तर प्रवाशाला ताबडतोब दिवा दिसावा. ही घाई अनावश्यक आहे. मुद्दाम मारलेली टिचकीही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी टिकते. थोडा वेळ थांबून बघितलं तर ओझरते स्पर्श गळून जातात आणि माणसाला विलंब जाणवतही नाही. मात्र ही मुदत अर्ध्या सेकंदाच्या पुढे ताणली की थरथरत्या बोटांच्या वृद्धांना ते पॅनेल बंद पडल्यासारखं वाटू लागतं.

जे चुकून लागलं ते परत घेता यावं, हा अगदी साधा उपाय. पुष्कळ लिफ्टमध्ये पेटलेला मजला पुन्हा दोनदा दाबला की विझतो, पण ही सोय आहे हे प्रवाशांना कुणी सांगत नाही. पॅनेलशेजारी मराठीत एक ओळ लिहून चिकटवली तरी रोजचे कितीतरी फुकट थांबे वाचतील. लिफ्टला आपला भार कळतो, ओव्हरलोडची घंटा त्यावरच वाजते. कॅबिनमध्ये एका माणसाएवढंच वजन आणि पंधरा मजले पेटलेले, असं दिसलं तर सगळ्या नोंदी पुसून टाकणारे कंट्रोलर आहेत. मुलांनी हात फिरवून सगळे मजले लावले तर त्याचा उपयोग होतो.

धोक्याच्या घंटेचं बटण मात्र या सगळ्या खेळात असूच नये. ते काचेत असेल तर एकतर ते सारखं चुकून वाजेल आणि खालचा वॉचमन त्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल, किंवा चूक टाळायला त्याची मुदत इतकी वाढवतील की घाबरलेल्या माणसाला ते लागणारच नाही. घंटा आणि ‘दार उघडा’ ही दोन बटणं उठावाची, जोर मागणारी आणि अंधारातही हाताला सापडणारी असावीत. वीज गेल्यावर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला काळी काच काहीच सांगत नाही.

आणि इथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. आतापर्यंत ज्याला ‘चुकून लागलेला हात’ म्हटलं तो काही लोकांच्या बाबतीत मुळीच चुकून लागलेला नसतो. अंध माणूस बोटांनी पाहतो. बटणांवरून हात फिरवत, आकड्यांचा उठाव आणि ब्रेल वाचत तो हवा तो मजला शोधतो आणि मग दाबतो. वाचणं आणि दाबणं या त्याच्या दोन वेगळ्या कृती आहेत. स्प्रिंगच्या बटणाला हा फरक कळायचा. वाचणारं बोट हलकं, दाबणारं बोट जोरकस. काचेच्या पॅनेलवर बोट फिरवलं की वाटेतले सगळे मजले लागत जातात. सपाट काचेवर वाचायला काही नसतंच ते वेगळं. घरापर्यंत एकट्याने, काठीच्या आधाराने आलेल्या माणसाला शेवटचे दहा मजले कुणाची तरी वाट बघत थांबावं लागतं.

यावर उत्तर नाही असं नाही. पुण्यात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रमण यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेल विद्यापीठ अशी वाटचाल करून ते गूगलमध्ये गेले. तिथे त्यांनी सपाट पडद्याच्या फोनवर न बघता नंबर लावण्याची रीत बनवली. बोट पडद्यावर जिथे प्रथम टेकेल तिथे पाच मानायचा. त्याच्या डाव्या वरच्या बाजूला सरकलं तर एक, सरळ खाली गेलं तर आठ. आकडा चुकला तर फोन हलवला की तो पुसला जाई. पडद्यावरची जागा शोधावी लागू नये, जागेने बोटाकडे यावं, हा त्यामागचा विचार होता. ॲपलने २००९ च्या आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणलं, त्यातही हाच धडा आहे. एकदा बोट टेकवलं की फोन नाव वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली तरच काम करतो.

लिफ्टच्या पॅनेलमध्ये हे आणता येतं. अमेरिकेच्या सुगमता नियमांमध्ये एक शहाणपणाची तरतूद आहे. उठावाचे आकडे आणि ब्रेल बटणाच्या लगत डावीकडे लावायचे आणि बटण किमान १९ मिलिमीटरचं असावं. वाचायची जागा आणि हुकूम द्यायची जागा वेगळी झाली की बोट निर्धास्त फिरू शकतं. काचेचंच पॅनेल हवं असेल तर आकड्यांच्या उठावाची पट्टी वेगळी, कळ तिच्या उजवीकडे थोड्या खोलगट जागेत, आणि नोंद झाल्यावर आवाजात मजल्याचं नाव, एवढं तरी हवं. याहून चांगलं म्हणजे किमान एक पॅनेल स्प्रिंगच्या बटणांचं ठेवणं. कोविडच्या काळात, २०२० नंतर, हात न लावता चालणारी इन्फ्रारेड बटणं आली. त्यांना तर बाहीसुद्धा बोट वाटते आणि अंध माणसाला ती पूर्णपणे मुकी आहेत. गरजेच्या दिवसांत ती उपयोगी पडली, पण कायमच्या पॅनेलसाठी ती निवडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या लिफ्टचं नूतनीकरण आता गावोगावी चालू आहे. कोटेशनमध्ये ‘ग्लास टच सीओपी’ असं लिहिलेलं असतं आणि कमिटी रंग आणि किंमत बघून सही करते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्येच झाला, पण त्याच्या अंमलबजावणीची वाट न बघताही आपल्याला काही करता येतं. सही करण्याआधी विक्रेत्याला चालू पॅनेल दाखवायला सांगा. त्यावर ओलं फडकं फिरवा. पूर्ण तळवा टेकवून बघा, पाठ टेकवून बघा. चुकीचा मजला विझवता येतो का ते विचारा आणि घंटेचं बटण डोळे मिटून सापडतं का ते पाहा. शक्य असेल तर ओळखीच्या एखाद्या अंध व्यक्तीला बोलवा आणि त्यांना शांतपणे आपला मजला शोधू द्या. त्यांच्या बोटाखाली नको असलेले मजले पेटत गेले, तर ते पॅनेल नाकारा.